निरोपाची पंगत

मुळशी तालुक्यातल्या माणमध्ये, आयटी पार्कच्या तिसऱ्या टप्प्याच्या परिसरात, कुणाच्या परदेशी नेमणुकीची बातमी फुटली की पहिला प्रश्न येतो तो ‘पार्टी कधी?’ व्हिसा, विमान, थंडीचे कपडे हे सगळे त्यानंतर. लग्नाआधीच्या केळवणात आप्त जेवू घालतात. इथे उलट, जाणाऱ्यानेच मित्रांना जेवू घालायचे. हा रिवाज इतका अंगवळणी पडला आहे की त्यामागे काही इतिहास असेल असे मनातही येत नाही. मराठी माणूस समुद्र ओलांडू लागला, तेव्हा खरी अडचण होती ती नेमकी या जेवणाची.

सावरकरांनी हिंदू समाजाच्या पायांतल्या सात स्वदेशी बेड्या मोजल्या. त्यांत सिंधुबंदी आणि रोटीबंदी वेगवेगळ्या आहेत. मला मात्र जुनी प्रकरणे वाचताना या दोन बेड्या एकाच साखळीच्या वाटतात. समुद्र ओलांडला म्हणजे काय बिघडले, याचा निकाल अखेर पंगतीतच लागत असे: परत आलेल्याच्या शेजारी पान मांडून कोण बसतो?

अठराव्या शतकातले एक उदाहरण पुरेसे बोलके आहे. राघोबादादांनी आपली बाजू मांडायला हणमंतराव नावाच्या ब्राह्मणाला इंग्लंडला धाडले. बरोबर मणियार रतनजी हे पारशी गृहस्थ होते. १७८१ मध्ये एडमंड बर्क यांनी त्यांना बीकन्सफील्डच्या आपल्या घरी ठेवून घेतले आणि हाताने रांधून सोवळ्यात जेवता यावे म्हणून बागेतले काचघर मोकळे करून दिले. पार्लमेंटातल्या एवढ्या मोठ्या वक्त्याने पाहुण्याची चूल सांभाळली. तरीही स्वदेशी परतल्यावर वकिलांना सोन्याच्या योनीतून बाहेर काढून, जणू पुन्हा जन्माला घालून शुद्ध करावे लागले, असे त्या काळच्या इंग्रज लेखनात नमूद आहे.

यानंतर शंभर वर्षांनी आनंदीबाई जोशी निघाल्या. त्यांचे चरित्र मराठी वाचकाला पाठ असते. पण त्यांच्या निरोपाचा प्रसंग आपण भाषण म्हणून वाचतो, निरोप म्हणून वाचत नाही. २४ फेब्रुवारी १८८३ रोजी बंगालमधल्या श्रीरामपूरच्या कॉलेजच्या सभागृहात त्या इंग्रजीतून बोलल्या. गोपाळराव तेथे पोस्टात होते. आनंदीबाईंना अठरावे वर्ष पुरे व्हायला महिनाभर अवकाश होता.

लोक जे प्रश्न विचारत होते, त्यांतले सहा त्यांनी स्वतःच मांडले आणि एकेकाचे उत्तर दिले. अमेरिकेलाच का? हिंदुस्थानात शिकायची सोय नाही का? एकटी का? परतल्यावर वाळीत टाकणार नाहीत का? संकट आले तर? आणि बाईच्या जातीने आजवर केले नाही ते तूच का करावेस? यातला चौथा प्रश्न पंगतीचा. त्यावर त्यांचे उत्तर असे, की मी आज जशी राहते तशीच तिकडे राहीन, आहार आणि पोशाख बदलणार नाही, हिंदू म्हणून जाईन आणि हिंदू म्हणूनच परतेन. शिवाय बहिष्कारच घालायचा तर आत्ताच का घालत नाही, असा उलट सवालही केला. या गावात एकही महाराष्ट्रीय नाही, हेही त्यांनी बोलून दाखवले. म्हणजे ज्या समाजाकडून वाळीत पडण्याची भीती, तो समोर नव्हताच. समोर होते बंगाली आणि युरोपीय श्रोते. बंगालमध्ये नवऱ्याबरोबर रस्त्याने चालणाऱ्या या मराठी मुलीच्या वाट्याला टोमणे आले होते.

ही भीती पोकळ नव्हती. पुढे १४ ऑक्टोबर १८९० रोजी पुण्यात पंचहौद मिशनमध्ये जमलेल्या मंडळींसमोर चहा आणि बिस्किटे आली. रानडे आणि टिळक दोघेही तिथे होते. ‘पुणे वैभवा’त नावे छापून आली आणि ग्रामण्य उभे राहिले, प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेले, टिळकांनी काशीत प्रायश्चित्त घेतल्याचे सांगितले, रानड्यांनी १८९२ मध्ये घेतले. कुणी समुद्र ओलांडला नव्हता, पुण्याची वेसही नाही. आणि हा सारा बनाव घडवून आणणारे गृहस्थ कोण, तर हेच गोपाळराव जोशी! विक्षिप्तपणा म्हणून ते सोडून देण्याची आपल्याकडे रीत आहे. मला त्यात श्रीरामपूरच्या चौथ्या प्रश्नाचा हिशेब चुकता केलेला दिसतो.

७ एप्रिल १८८३ रोजी कलकत्त्याहून ‘सिटी ऑफ कलकत्ता’ हे जहाज निघाले. सोबतीला मिशनरी बायका होत्या, आप्त एकही नव्हता. त्याच महिन्यात मुंबईहून पंडिता रमाबाई इंग्लंडला गेल्या आणि सप्टेंबरात त्यांनी बाप्तिस्मा घेतला. त्यानंतर आनंदीबाईंच्या वचनाकडे इकडचे लोक किती डोळ्यांत तेल घालून पाहत असतील! त्यांनी ते पाळले. न्यू जर्सीतल्या रोझेल गावी थिओडोसिया कार्पेंटरबाईंच्या घरी उतरल्यावर त्यांनी शाकाहार सोडला नाही. उलट तिथल्या मैत्रिणींना साड्या नेसवल्या आणि आपल्या हातचा हिंदू पद्धतीचा स्वयंपाक वाढला. फिलाडेल्फियाच्या कॉलेजात दाखल होण्यापूर्वीची ही गोष्ट. ज्या पंगतीला श्रीरामपुरात माणसे मिळाली नसती, ती अशी सातासमुद्रापार बसली. बर्कच्या काचघरात हणमंतरावांची चूल इतरांपासून अलग राहिली होती. रोझेलला यजमानीणबाईच पाहुणी झाली. दोन्ही प्रसंगी सोवळे शाबूत होते, पण माणसे निराळी वागली.

११ मार्च १८८६ रोजी त्यांना डॉक्टरची पदवी मिळाली; समारंभाला रमाबाई इंग्लंडहून आल्या होत्या. त्याच वर्षी ऑक्टोबरात आनंदीबाईंनी क्षयाने पोखरलेल्या अंगाने अमेरिका सोडली. कोल्हापूरच्या इस्पितळातली नेमणूक वाट पाहत होती, ती वाट पाहतच राहिली. २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले. बहिष्काराचा प्रश्न पुण्याने काढला नाही. मरणाऱ्या मुलीचे कौतुक करणे सोपे होते, असे मला वाटते. तीन वर्षांनी चहाच्या कपावरून जे घडले ते पाहता, ती जगती आणि लोकांच्या घरी पंगतीला बसू लागती तर काय झाले असते, हे सांगणे कठीण नाही.

गोपाळरावांनी त्यांची रक्षा कार्पेंटरबाईंकडे पाठवली. न्यूयॉर्क राज्यातल्या पकिप्सी येथे, कार्पेंटर कुटुंबाच्या दफनभूमीतल्या जागेत ती ठेवलेली आहे. तिथल्या दगडावर नाव, एम. डी. ही पदवी, १८६५ ते १८८७ ही साले आणि शिक्षणासाठी हिंदुस्थान सोडणारी पहिली ब्राह्मण स्त्री एवढी ओळख कोरली आहे.