देशी की इंग्रजी?

सदाशिव पेठेतल्या वाड्यात ओट्यावर बसून, थोरांचे डाव पाहत आम्ही बुद्धिबळ शिकलो. नवा गडी आला की सोंगट्या मांडण्याआधी एक प्रश्न हमखास व्हायचा : "देशी खेळायचं की इंग्रजी?" हा प्रश्न बराच जुना आहे.

१८१४ साली, पुण्यात दुसऱ्या बाजीरावाची पेशवाई असताना, मुंबईत त्रेवंगडाचार्य शास्त्री यांचे बुद्धिबळावरचे इंग्रजी पुस्तक छापले गेले. संस्कृतातल्या डावांचे हे भाषांतर युरोपीय खेळपद्धतीला जुळवून घेतल्याचे त्याच्या मुखपृष्ठावरच नमूद आहे. समोर बसणारा गडी बदलला, म्हणून शास्त्रीबुवांनी नियम बदलले!

देशी पद्धत होती तरी कशी? गावोगावी थोडाफार फरक असे, पण प्यादे पहिल्या चालीलाही एकच घर सरके. किल्लेकोट नव्हता, त्याऐवजी राजाला डावात एकदाच घोड्याची अडीच घरांची चाल मिळे. सगळ्यात गमतीचा नियम शेवटचा. प्रतिपक्षाचा राजा अगदी एकटा उरला, तर अनेक ठिकाणी डाव बरोबरीत सुटे. म्हणजे जिंकत आलेल्याला समोरच्याचे एखादे प्यादे मुद्दाम जगवावे लागे! शिवाय सगळ्या माती सारख्या नव्हत्या. प्याद्याने केलेली मात, म्हणजे प्यादेमात, विशेष मानाची.

नियम हा इतिहासाचा पुरावा म्हणूनही वाचता येतो. नुसते जिंकायचेच असते तर ही अडचण कोणी कशाला ओढवून घेतली असती? समोरच्याला पुरते नागवायचे नाही आणि बघ्यांनी मान डोलवावी अशी मात करायची, ही दोन माणसांतली हौस त्या नियमांत उतरली आहे, असे आम्हाला वाटते.

अर्थात गावचे नियम गावापुरतेच. परक्याशी खेळायचे तर ते सोडावे लागतात. देशी पद्धतीत वाढलेल्या मीर सुलतान खान यांनी ते सोडले आणि १९२९, १९३२ व १९३३ साली ब्रिटिश अजिंक्यपद मिळवले. १९५५ साली एलुरूला पहिली राष्ट्रीय स्पर्धा झाली, तेव्हा महाराष्ट्राचे रामचंद्र सप्रे संयुक्त विजेते ठरले. १९९७ साली तर संगणकाने जगज्जेत्या कास्पारोव्हला हरवले. संगणक अर्थात "देशी की इंग्रजी" विचारत बसत नाही.

एकट्या राजाचा नियम लावून वर्गात दोन मुलांना खेळवून पहा. आमच्या अनुभवात, जिंकत आलेले मूल प्यादे मारायला उचललेला हात मागे घेते, आणि बाकीची मुले नेमकी तेव्हाच पटाभोवती गोळा होतात.