प्रोसेसर बदलला, संगणक रुसला!

जुन्या संगणकाची गती वाढविण्यासाठी नवा संगणक न घेता केवळ प्रोसेसर बदलणे, हा किफायतशीर मार्ग मानला जातो. मात्र बदलानंतर पंखा फिरतो, दिवा लागतो आणि पडदा काळाच राहतो, असा अनुभव अनेकांना येतो. नवा प्रोसेसरच सदोष निघाला, असा निष्कर्ष मग घाईने काढला जातो. प्रत्यक्षात दोष बहुधा अन्यत्र असतो. नंदुरबार जिल्ह्यात गुजरातच्या सीमेजवळ असलेल्या खापरहून जिल्ह्याचे ठिकाण गाठायचे तर अक्कलकुवा, तळोदा ओलांडून जावे लागते. संगणक उचलून निघण्यापूर्वी क्रमाने तपासणी केल्यास अशी खेप वाचू शकते.

सर्वप्रथम वीजजोडणी काढावी. प्रोसेसरजवळची चार किंवा आठ पिनांची स्वतंत्र वीजतार जोडली आहे का, हे पाहावे. ती विसरल्यास पंखे फिरतात, पण संगणक सुरू होत नाही. कूलर सैल बसला असल्यास प्रोसेसर तापून संगणक काही क्षणांत बंद पडतो. त्यानंतर रॅमची एकच पट्टी लावून पाहावी आणि सॉकेटमधील किंवा प्रोसेसरवरील पिना वाकलेल्या नाहीत ना, याची खात्री करावी. मदरबोर्डवरील बटण सेल काही मिनिटे काढून ठेवल्यास बायोसची जुनी मांडणी पुसली जाते.

पडदा काळा राहण्यामागे आणखी एक साधे कारण असते. इंटेलच्या ‘एफ’ अक्षराच्या प्रोसेसरमध्ये, तसेच रायझन ५ ३६०० सारख्या प्रोसेसरमध्ये ग्राफिक्सची सोय नाही. त्यांना स्वतंत्र ग्राफिक्स कार्ड लागते.

सॉकेट जुळले म्हणजे प्रोसेसर चालेलच, असे नाही. इंटेलची २०१५ मधील सहावी आणि २०१७ मधील आठवी पिढी, दोन्ही एलजीए ११५१ सॉकेटची. तरीही सहाव्या पिढीच्या मदरबोर्डला आठव्या पिढीचा प्रोसेसर अधिकृतपणे चालत नाही. एएमडीच्या एएम ४ सॉकेटमध्ये अनेक पिढ्या बसतात, परंतु बायोस जुना असल्यास नवा प्रोसेसर ओळखला जात नाही. याच अडचणीमुळे एएमडीने २०१८ मध्ये काही ग्राहकांना बायोस अद्ययावत करण्यापुरता प्रोसेसर उसना दिला होता.

म्हणूनच जुना प्रोसेसर लगेच विकू नये. तो पुन्हा बसविल्यावर संगणक सुरू झाला, तर मदरबोर्ड आणि वीजपुरवठा ठीक असल्याचे कळते. त्यानंतर मदरबोर्ड कंपनीच्या संकेतस्थळावरील प्रोसेसरांची यादी पाहून बायोस अद्ययावत करावा. हे काम सुरू असताना वीज गेल्यास मदरबोर्ड निकामी होऊ शकतो. त्यामुळे यूपीएस आवश्यक आहे. काही मदरबोर्डांवर प्रोसेसरविनाही पेनड्राइव्हवरून बायोस बदलण्याचे बटण असते.

दुकानाचे हिशेब किंवा कार्यालयाची कागदपत्रे संगणकात असतील, तर प्रोसेसर काढण्याआधीच त्यांची प्रत अन्यत्र ठेवावी. विंडोजमधील बिटलॉकर सुरू असल्यास नव्या प्रोसेसरनंतर ४८ अंकी रिकव्हरी की मागितली जाऊ शकते. ती हाताशी नसेल, तर संगणक सुरू होऊनही माहिती अडकून पडते. प्रोसेसर बाजारात पुन्हा मिळतो, वर्षानुवर्षांच्या नोंदी मिळत नाहीत.