ड्रॅगनवरची लेसा आणि गाण्यातली आठवण

आपल्या इतिहासाच्या भागात आज लढाई आहे, पण राजेमहाराजांची नाही. आज एका गोष्टीचा इतिहास सांगणार आहे. ही गोष्ट लिहिली एका बाईनं, तिच्यात सैन्य आहे, विज्ञान आहे आणि आग ओकणारे ड्रॅगनही आहेत.

ड्रॅगन म्हणजे काय, ते मुलांच्या कार्टूनमुळे आता आपल्यालाही माहीत झालंय. मगरीसारखं अंग, वटवाघळासारखे पंख आणि तोंडातून आग. युरोपातल्या जुन्या कथांत हा प्राणी बहुतेक वेळा खलनायक असतो. तो गाव जाळतो, राजकन्येला पळवतो, मग घोड्यावरून एक वीर येतो आणि त्याला मारतो. राजकन्येचं काम काय? वाट बघायची. शेकडो वर्षं ही गोष्ट अशीच चालत आली.

ती उलटी केली अ‍ॅन मॅकॅफ्री यांनी. आपण त्यांना अ‍ॅनबाई म्हणू. 1926 साली अमेरिकेत त्यांचा जन्म झाला. वडील सैन्यात कर्नल होते, त्यामुळे शिस्त, कवायत, हुकूम या गोष्टी घरात ओळखीच्या. अ‍ॅनबाई कॉलेज शिकल्या, 1950 साली लग्न झालं, तीन मुलं झाली. घर आणि मुलं सांभाळत त्या लिहीत होत्या.

तेव्हा अमेरिकेत विज्ञानकथांची खास मासिकं निघायची. लिहिणारे बहुतेक पुरुष, वाचणारेही बहुतेक पुरुष. काही लेखिका पुरुषी वाटेल असं नाव घेऊन लिहायच्या, काही नुसती आद्याक्षरं लावायच्या, म्हणजे बाई आहे हे नावावरून कळू नये. अ‍ॅनबाईंनी आपलंच नाव ठेवलं. 1967 सालच्या ऑक्टोबरमध्ये ‘अ‍ॅनलॉग’ या मासिकात त्यांची ड्रॅगनांची पहिली गोष्ट छापून आली.

आता ती गोष्ट ऐका. पृथ्वीपासून फार लांब पर्न नावाचा एक ग्रह आहे. माणसं तिथं यानांतून जाऊन वसली, शेती करू लागली. पण त्या ग्रहाच्या जवळून दोनशे-अडीचशे वर्षांनी एक लाल तारा जातो. तो आला की पुढची पन्नास वर्षं आकाशातून धागे पडतात. दिसायला चंदेरी धागे, पण ज्याला लागतील ते खाऊन टाकतात. पीक, झाड, जनावर, माणूस, काहीच सोडत नाहीत. दगड आणि धातू मात्र त्यांना खाता येत नाही, आणि पाण्यात, थंडीत, आगीत ते मरतात. म्हणून लोक डोंगरात कोरलेल्या दगडी गढ्यांत राहतात. पण शेत कुठं गढीत नेता येतं? धागा जमिनीवर यायच्या आत वरच जाळायला हवा. त्यासाठी आहे ड्रॅगनांचं सैन्य.

हे सैन्य खरंखुरं सैन्य आहे बरं का. तुकड्या आहेत, तुकडीचे नायक आहेत, रोजचा सराव आहे. अंड्यातून पिल्लू बाहेर आलं की ते स्वतःच आपला स्वार निवडतं. मग दोघांचं मन जन्मभर जोडलेलं राहतं, न बोलता एकमेकांचं कळतं. लढाईआधी ड्रॅगन एक खास दगड चावून खातो. त्या दगडातून त्याच्या पोटात वायू तयार होतो आणि तोंडाबाहेर हवा लागताच पेटतो. म्हणजे ही जादू नव्हे. अ‍ॅनबाईंनी आगीमागचं रसायन सांगितलंय.

या ग्रहावर ड्रॅगन आले कुठून, याचं उत्तर त्यांनी 1988 सालच्या एका कादंबरीत दिलं. वस्तीला आठच वर्षं झाली होती आणि अचानक धागे पडू लागले. उडणारी वाहनं होती, पण इंधन मोजकंच. ते संपलं की यंत्रं भंगारात जाणार. तेव्हा किटी पिंग नावाची एक म्हातारी शास्त्रज्ञ पुढं आली. त्या ग्रहावर लहानसे उडणारे सरडे होते, दगड चावून आग काढणारे. त्यांच्या बीजात तिनं बदल केले आणि त्यातून ड्रॅगन घडवले. काम हातात असतानाच ती गेली, पुढचं काम नातीनं चालवलं. बघा मैत्रिणींनो, आपण बी निवडतो, चांगल्या गाईची कालवड ठेवतो, त्याच वाटेनं खूप पुढं गेलेलं हे विज्ञान. आणि शस्त्र कसं, तर ज्याला इंधन बाहेरून आणावं लागत नाही आणि ज्याची पुढची पिढी आपोआप जन्माला येते.

आता गोष्टीतला खरा पेच ऐका. एकदा लाल ताऱ्याचा फेरा चुकला. चारशे वर्षं धागे पडलेच नाहीत. मग लोक काय म्हणणार? ‘धागेबिगे सगळ्या जुन्या गप्पा. या ड्रॅगनवाल्यांना कशाला पोसायचं?’ गढ्यांनी आपल्या पिकातला जो वाटा ड्रॅगनवाल्यांना द्यायचा, आपल्या बलुत्यासारखा, तो कमी करत आणला. दगडाभोवती गवत वाढू द्यायचं नाही, हा जुना नियम होता, तोही मोडला. सहा ठाण्यांपैकी पाच ठाणी रिकामी पडलेली. तिथले सगळे ड्रॅगन आणि स्वार चारशे वर्षांपूर्वी एकाएकी नाहीसे झालेले. कुठं गेले, कुणालाच ठाऊक नाही.

अशा वेळी लेसा येते. तिच्या घरच्यांना मारून एका दांडग्यानं गढी बळकावलेली असते. ती पोर जीव वाचवण्यासाठी त्याच गढीत, स्वयंपाकघरातली राबणारी नोकर बनून, दहा वर्षं राहते. तिला ड्रॅगनची सोनेरी राणी आपली स्वार म्हणून निवडते. राणीवर बसायचा मान बाईचाच. पण ठाण्यातले मोठे पुरुष तिला सांगतात, राणीनं उडायचं नसतं, तिनं अंडी घालायची. लेसा विचारते, मग तिला पंख कशाला दिलेत? उत्तर कुणाकडंच नसतं. आणि एके दिवशी ती उडते.

धागे परत पडू लागतात तेव्हा एकाच ठाण्याचं सैन्य कुठं पुरणार? इथं लेसाला मदत होते एका जुन्या गाण्याची आणि एका विणलेल्या पडद्याची. ‘ते गेले कुठं?’ असं विचारणारं एक गाणं पोरांना पिढ्यान् पिढ्या शिकवत असतात, पण अर्थ कुणी बघत नाही. लेसाला तो उमगतो. ती पाच ठाणी मेलेली नाहीत, कुणीतरी त्यांना काळाच्या पुढं बोलावून नेलंय! अ‍ॅनबाईंच्या ड्रॅगनना एका क्षणात लांब जाता येतं, काळातही मागंपुढं जाता येतं. पण जिथं जायचं ती जागा डोळ्यांपुढं नीट उभी राहायला हवी. चारशे वर्षांपूर्वीची गढी कुणी पाहिलीय? तर एका जुन्या भिंतपडद्यावर ती धाग्याधाग्यानं विणून ठेवलेली होती. ते चित्र मनात धरून लेसा मागं जाते, मरता मरता वाचते आणि पाचही ठाण्यांचं सैन्य आपल्या काळात घेऊन येते.

त्या जुन्या सैन्यात राणीवरच्या बायकांची वेगळी तुकडी असते. राणीनं दगड चावला तर तिला पुढं अंडी होत नाहीत. म्हणून या बायका आगीची टाकी बरोबर घेतात, आपल्या फवारणीच्या पंपासारखी समजा, आणि सगळ्यांच्या खालून उडतात. वरून निसटलेला धागा त्या जाळतात. शेताच्या सगळ्यात जवळची, शेवटची राखण बायकांची.

हे लिहिलं गेलं ते वर्षही ध्यानात घ्या. 1967 साली अमेरिकेचं सैन्य व्हिएतनाममध्ये लढत होतं. अमेरिकेची विमानं आकाशातून तिथल्या गावांवर, भातशेतांवर आग टाकत होती. त्याच वर्षी छापलेल्या या गोष्टीत आग जमिनीवर पडत नाही, जमिनीवरून वर जाते. ती कुणाचं शेत जाळण्यासाठी नाही, राखण्यासाठी आहे. लेखिकेच्या मनात काय होतं, ते सोडा. दोन्ही चित्रं शेजारी ठेवली की आपल्यालाच काहीतरी कळतं.

1968 साली या गोष्टीला विज्ञानकथांचा ह्यूगो पुरस्कार मिळाला. कथालेखनासाठी हा मान मिळवणाऱ्या त्या पहिल्या बाई. पुढं 1970 साली त्यांचा घटस्फोट झाला. दोन मुलांना घेऊन त्या आयर्लंड देशात राहायला गेल्या. सुरुवातीला पैशाची ओढाताण होती, पण लिहिणं सुटलं नाही. 1978 साली त्यांचं ड्रॅगनांचं पुस्तक अमेरिकेत सर्वाधिक खपाच्या यादीत गेलं. त्यांनी घर घेतलं, त्याला ‘ड्रॅगनहोल्ड’ नाव दिलं, कारण ते ड्रॅगनांच्या कमाईतून उभं राहिलं होतं. 2011 साली त्या वारल्या.

सगळंच गोड होतं असं नाही. पहिल्या पुस्तकात नायक लेसाला धरून गदागदा हलवतो आणि ते प्रेमात चालतं असं दाखवलंय. आज वाचताना ते खटकतं, खटकायलाच हवं. पण पुढच्या पुस्तकांत अ‍ॅनबाईंनी दारं आणखी उघडली. 1976 सालच्या पुस्तकात मेनॉली नावाची कोळ्यांच्या वस्तीतली पोर आहे. गळा गोड, स्वतः गाणी रचते. बाप म्हणतो, पोरीनं गाणी रचायची नाहीत, वस्तीची लाज जाईल. ती घर सोडते आणि शेवटी गाणाऱ्यांच्या मोठ्या शाळेत मानानं जाते.

शेतकरी बायांनी ऐकावी अशी आणखी एक गंमत. त्या ग्रहाच्या दक्षिण भागात मातीत एक अळी असते. उत्तरेकडचे शेतकरी तिला कीड समजून मारतात. नंतर कळतं की धागा जमिनीत शिरला तर हीच अळी त्याला संपवते आणि पीक वाचवते. ती शेतकऱ्याची मित्र होती, पण ते सांगणारं कुणी उरलं नव्हतं.

शेवटी 1991 सालच्या पुस्तकात जमिनीखाली गाडलं गेलेलं पूर्वजांचं संगणकयंत्र मदतीला येतं. त्याच्या सल्ल्यानं ड्रॅगन जुन्या यानांची इंजिनं उचलून लाल ताऱ्यावर नेतात, तिथं स्फोट घडवतात आणि त्याची वाटच बदलून टाकतात. धागे कायमचे थांबणार. यंत्राकडं ज्ञान होतं पण हात नव्हते, ड्रॅगनांकडं बळ होतं पण हिशोब नव्हता. दोघं एकत्र आले तेव्हा काम झालं.

मला या सगळ्यात एक गोष्ट मोठी वाटते. त्या ग्रहाचं सैन्य दुबळं झालं ते शत्रूमुळे नाही, विसरण्यामुळे. आणि वाचलं कशामुळे? पोरांच्या गाण्यामुळे, विणलेल्या पडद्यामुळे. ज्यांना कुणी इतिहास म्हणत नाही अशा वस्तूंमुळे. आपल्याकडं जात्यावरच्या ओव्या अशाच. महाराष्ट्रात संशोधकांनी गावोगावच्या बायांकडून एक लाखाहून जास्त ओव्या लिहून घेतल्या. त्यात सासर-माहेर आहे, देव आहे, बाबासाहेब आहेत, दुष्काळ आहे. जातं गेलं, पिठाची गिरणी आली, आणि ओवी म्हणायचं कारण गेलं. ओवीतलं शहाणपण मात्र जुनं झालेलं नाही.

तेव्हा पुढच्या बैठकीत हप्त्यांचा हिशोब झाला की दहा मिनिटं काढा. गटातल्या सगळ्यात वयस्क आजींना विचारा: 1972 च्या दुष्काळात तुम्ही काय खाल्लंत? कुठली रानभाजी, कुठल्या विहिरीचं पाणी, कुठलं बी जपून ठेवलंत? जिला लिहिता येतं तिनं वहीत लिहून घ्या, नाहीतर मोबाईलमध्ये आवाज भरून ठेवा. दुष्काळही लाल ताऱ्यासारखाच असतो, फिरून येतो.