अकरा किलोचा ‘हलका’ संगणक

आमच्या कचेरीत नव्याने लागलेली मुले काखेत लॅपटॉप मारून येतात, तेव्हा मला ॲडम ऑस्बर्न आठवतो. आपल्याकडे हे नाव फारसे कुणी घेत नाही. वास्तविक माणूस अर्धा आपल्याच मातीतला. जन्म १९३९ चा, बँकॉकमधला. पण वडील आर्थर ऑस्बर्न हे रमण महर्षींचे भक्त, त्यांच्यावर इंग्रजीत पुस्तके लिहिणारे. त्यामुळे ॲडमचे बालपण तिरुवण्णामलैला, आश्रमाच्या सावलीत गेले.

पुढे तो अमेरिकेत संगणकावरची पुस्तके लिहून छापू लागला, आणि १९८१ च्या एप्रिलमध्ये त्याने ‘ऑस्बर्न १’ लोकांपुढे आणला. रचना ली फेल्सेन्स्टाईन यांची. शिलाई मशीनच्या पेटीसारखा आकार, उचलायला मूठ आणि वजन सुमारे अकरा किलो! पडदा अवघा पाच इंची, स्मृती ६४ किलोबाइट. आत बॅटरी नाही. नेऊ तिथे आधी भिंतीवरचा प्लग शोधायचा.

मग त्यात विशेष ते काय? उचलून नेण्याजोगा संगणक आयबीएमने १९७५ मध्येच काढला होता. पण त्याचे वजन चोवीस किलोच्या आसपास आणि किंमत नऊ हजार डॉलरपासून पुढे. ऑस्बर्न मिळे १७९५ डॉलरला. शिवाय लिहिण्यासाठी वर्डस्टार, हिशेबासाठी सुपरकॅल्क त्याच पैशांत. एरवी हे वेगळे विकत घ्यावे लागे. पेटी उघडा, प्लग लावा, कामाला लागा! भर आल्यावर महिन्याला दहा हजारांपर्यंत पेट्या खपल्या.

१९८३ च्या सप्टेंबरमध्ये मात्र कंपनीचे दिवाळे निघाले. नव्या मॉडेलची वाच्यता आधीच केली, म्हणून गिऱ्हाईक जुने घेईना, अशी कथा व्यापाराच्या वर्गांत ‘ऑस्बर्न इफेक्ट’ म्हणून शिकवतात. मला ती अर्धीच वाटते. कायप्रो त्याच किमतीत नऊ इंची पडदा देत होता, आणि आयबीएमच्या प्रणाली चालवणारा कॉम्पॅकही आला होता. नुसत्या बोलण्याने एवढे घर बसत नाही.

आजारी ऑस्बर्न पुढे भारतात परतला आणि २००३ च्या मार्चमध्ये कोडाईकनालला वारला. त्याच्या नावाने लक्षात राहिली ती एक चूक. सगळे सामान एकाच पेटीत, छोट्या धंदेवाल्याच्या आवाक्यात आणून देण्याचे त्याचे काम त्या चुकीखाली झाकून गेले, याचे वाईट वाटते.