उबुंटूच्या आवृत्त्यांची नावे आणि आकडे

'उबुंटू २२.०४ जॅमी जेलीफिश' हे उबुंटू या लिनक्स कार्यप्रणालीच्या एका आवृत्तीचे पूर्ण नाव आहे. टिंबाच्या आधी वर्ष आणि टिंबानंतर महिना असतो, म्हणजे ही आवृत्ती एप्रिल २०२२ मध्ये आली. हा दशांश अपूर्णांक नव्हे. ऑक्टोबर २००४ मधल्या पहिल्या आवृत्तीचा ४.१० हा आकडा ४.१ असा वाचून चालणार नाही.

कॅनॉनिकल ही कंपनी सहसा दर एप्रिल आणि ऑक्टोबरमध्ये नवी आवृत्ती काढते. २००६ मध्ये काम लांबले, एप्रिलची आवृत्ती जूनमध्ये आली आणि तिचा आकडा ६.०६ झाला. आकडा असा तारखेवर अवलंबून असल्याने, काम चालू असताना आवृत्तीला टोपणनावाने ओळखले जाते.

टोपणनावात एकाच इंग्रजी अक्षराने सुरू होणारे विशेषण आणि प्राणी असतो. २००६ च्या 'डॅपर ड्रेक'पासून अक्षरे वर्णक्रमाने घेतली जातात. २०१७ मध्ये झेड आले आणि गाडी पुन्हा एवर गेली, त्यामुळे नुसत्या अक्षरावरून आवृत्ती नवी की जुनी हे सांगता येत नाही. प्राणी बहुधा अनोळखी असतात. १२.०४ च्या 'प्रिसाइज पँगोलिन'मधला पँगोलिन मात्र कोकणात खवले मांजर म्हणून ओळखीचा आहे.

आवृत्ती निवडताना खरी गफलत होते ती वेगळ्याच ठिकाणी. २३.१० हा आकडा २२.०४ पेक्षा मोठा, म्हणून ती आवृत्ती अधिक काळ चालेल असे वाटते. प्रत्यक्षात २३.१० ला फक्त नऊ महिने सुरक्षा अद्यतने मिळाली आणि जुलै २०२४ मध्ये ती बंद झाली. २२.०४ ला ती २०२७ पर्यंत मिळणार आहेत. कारण सम वर्षातली एप्रिलची आवृत्ती 'एलटीएस', म्हणजे दीर्घ मुदतीची असते आणि तिला पाच वर्षे अद्यतने मिळतात. बाकीच्या आवृत्त्या नवे बदल लवकर वापरून पाहणाऱ्यांसाठी ठीक. शाळेतल्या किंवा दुकानातल्या संगणकावर एलटीएसच घालावी.

एलटीएसच्या आकड्यापुढे कधी तिसरा आकडा दिसतो, उदाहरणार्थ २४.०४.१. तोपर्यंतच्या दुरुस्त्या एकत्र करून दिलेली ती तीच आवृत्ती असते. पाच वर्षांची मुदत मूळ एप्रिलपासूनच मोजली जाते.