पासोडी, पोथी आणि प्रबंध

बीडहून परळीकडे जाणाऱ्या रस्त्यावरील वडवणी हे गाव 1999 साली तालुक्याचे ठिकाण झाले. तत्पूर्वी त्याची गणना दुसऱ्या तालुक्यांच्या गावांतच होत असे. ऊसतोडीला जाणाऱ्या मुलखातील एखादा विद्यार्थी आज शोधनिबंधाची रचना आणि सभेपुढील त्याचे निवेदन शिकू लागतो, तेव्हा ही सारी विद्या दूरदेशीची, आपल्या मातीला अपरिचित अशी त्याला वाटते, आणि ती शिकविणारेही बहुधा त्याची ही समजूत दूर करीत नाहीत. वस्तुतः गावाच्या आग्नेयेस अंबाजोगाई आहे आणि पश्चिमेस बीड. या दोन्ही दिशांना या विद्येचे जुने माग सापडतात.

अंबाजोगाईत संतकवी दासोपंतांची पासोडी, म्हणजे पांघरायचे जाड वस्त्र, आहे. दासोपंत (1551-1615) हे मूळचे नारायणपेठच्या देशपांड्यांच्या घराण्यातले, म्हणजे जमाबंदीच्या कागदांत वाढलेले. त्यांनी सुमारे 40 फूट लांब व 4 फूट रुंद अशा एका कापडावर पंचीकरणाचा विषय ओव्यांनी आणि आकृत्यांनी भरून मांडला. पंचीकरणाचा हिशेब असा की प्रत्येक महाभूतात अर्धा अंश स्वतःचा आणि उरलेल्या अर्ध्यात इतर चार भूतांचा एकेक अष्टमांश असतो. हे कानाने ऐकून ध्यानात राहणे कठीण, मात्र कोष्टकात घातले की डोळ्यांना एका दृष्टिक्षेपात उलगडते. पोथीच्या सुट्या पानांत जे विखुरले असते, ते अंथरलेल्या वस्त्रावर एकत्र दिसते. आजचे पडद्यावरचे निवेदन याहून निराळे काय करते, हे मला तरी सांगता येणार नाही. एवढे खरे की पासोडीवर मजकूर दाटीने भरलेला आहे, आणि आजचा परीक्षक त्यावर निःसंशय शेरा मारील.

लेखनाच्या रचनेचीही तीच गोष्ट. शास्त्रग्रंथाच्या आरंभी विषय, प्रयोजन, संबंध आणि अधिकारी या चार गोष्टी सांगाव्यात, पुढे संशय उपस्थित करून पूर्वपक्ष मांडावा आणि त्याचे खंडन करूनच सिद्धान्तास यावे, हा पंडितांचा दंडक होता. यातील पूर्वपक्षाचे मोल सर्वांत अधिक. प्रतिपक्षाचे म्हणणे त्याच्याहून चांगल्या रीतीने मांडता आल्याशिवाय स्वतःचे मत उच्चारण्याचा अधिकार नाही, ही शिस्त आजच्या प्रबंधांत क्वचितच आढळते. तेथे पूर्वसूरींच्या नावांची यादी असते, वाद नसतो.

पश्चिमेकडील माग इतिहासाचार्य राजवाड्यांचा. बीडच्या पाटांगणावरील ज्ञानेश्वरीची पोथी त्यांच्या हाती आली, ती त्यांनी 1909 साली प्रसिद्ध केली आणि तिच्यातील भाषेचे व्याकरणही लिहिले. रुमालांत बांधलेल्या दफ्तरांतून अस्सल कागद काढावा, त्याचा काळ व कर्ता ठरवावा, मगच अनुमान करावे, हा त्यांचा आग्रह होता; आणि पुढल्याच वर्षी, 1910 मध्ये, पुण्यास भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापन झाल्यावर टिपणे व निबंध सभेपुढे वाचण्याचा, आक्षेप ऐकण्याचा प्रघात तेथे रुजला.

मराठवाड्यात मात्र हा प्रवाह भाषेच्या बांधापाशी अडला. निजामाच्या राज्यात 1918 साली उस्मानिया विद्यापीठ उभे राहिले, तेथे उच्च शिक्षण उर्दूतून दिले जाई, आणि त्यासाठी दार-उल-तर्जुमा या स्वतंत्र भाषांतर खात्याने शास्त्रीय परिभाषा परिश्रमपूर्वक घडविली. देशी भाषेत पदवीपर्यंतचे ज्ञान देता येते हे त्या विद्यापीठाने सिद्ध केले, हे श्रेय नाकारता येत नाही. पण बीड परगण्यातील मराठी मुलाच्या दृष्टीने ती भाषा दरबाराची, अर्ज-फैसल्यांची होती. घरी एका भाषेत विचार, वर्गात दुसरीत उत्तर. 1948 च्या सप्टेंबरात संस्थान भारतीय संघराज्यात आले, 1958 च्या 23 ऑगस्टला औरंगाबादेस मराठवाडा विद्यापीठ स्थापन झाले, आणि दरबारी भाषेची जागा हळूहळू इंग्रजीने घेतली. वडवणीचा मुलगा आजही आपल्या प्रबंधाचा सारांश इंग्रजीत लिहितो, आणि तोंडी परीक्षेपूर्वी तो पाठ करतो.