चर्वणस्नायूंची गणना : शारीरशास्त्रीय वर्गीकरणाच्या इतिहासातील एक प्रकरण

१

मनुष्याच्या खालच्या जबड्यास हालविणारे चर्वणस्नायू प्रत्येक बाजूस चार, म्हणजे एकूण आठ आहेत, असे शारीरशास्त्राच्या विद्यार्थ्यास पहिल्याच वर्षी शिकविले जाते. कानशिलावर बोटे ठेवून दात घट्ट आवळले असता बोटांखाली जो उंचवटा जाणवतो तो टेंपोरालिस होय. त्याच्या स्थानावरून त्यास शंखक म्हणतात. गालाच्या मागील भागी, जबड्याच्या कोनावर, जो टणक होतो तो मॅसेटर. त्यास येथे चर्वक म्हणू. उरलेले दोन जबड्याच्या आतल्या अंगास असतात आणि कवटीच्या तळाशी असलेल्या पंखासारख्या अस्थिप्रवर्धाशी त्यांचा संबंध असल्यामुळे त्यांना अंतःपक्षक व बहिःपक्षक अशी नावे देता येतील. पहिले दोन व अंतःपक्षक जबडा मिटवितात. बहिःपक्षक तो पुढे ओढतो, एका बाजूस वळवितो व तोंड उघडण्यास साहाय्य करतो.

ही चाराची संख्या इतकी रूढ झाली आहे की, ती निसर्गानेच लिहून ठेवली असावी असे वाटते. प्रस्तुत लेखात या संख्येचाच इतिहास पाहावयाचा आहे. स्नायूंची संख्या ही केवळ पाहून मोजण्याची गोष्ट नसून, कोणत्या बाजूने व कोणत्या साधनाने पाहिले आणि कोणता प्रश्न मनात धरून पाहिले, यांवर ती अवलंबून असते. ही गोष्ट ध्यानी न घेतल्यास प्राचीन ग्रंथांतील आकड्यांचा अर्थ लावताना आपण फसतो, आणि आधुनिक आकड्यांवरही फाजील विश्वास ठेवतो.

२

आरंभ आपल्याकडील ग्रंथापासून करणे सोयीचे होईल. सुश्रुतसंहितेचे आज उपलब्ध असलेले रूप इसवी सनाच्या आरंभीच्या शतकांत सिद्ध झाले, असे सामान्यतः मानण्यात येते. तिच्या शारीरस्थानाच्या पाचव्या अध्यायात शरीरातील अवयवांची गणना आहे. तीत ५०० पेशी सांगितल्या आहेत : हातापायांत ४००, मध्यशरीरात ६६ आणि मानेपासून वर ३४. या चौतीसांपैकी हनूंच्या ठिकाणी ८ आहेत.

येथे शब्दांविषयी एक खुलासा अवश्य आहे. सुश्रुताची ‘पेशी’ म्हणजे आपण मराठीत ज्यास स्नायू म्हणतो ती. त्याचा ‘स्नायु’ म्हणजे बंध वा कंडरा या जातीची रचना. आणि आजची मराठी ‘पेशी’ हा शब्द सूक्ष्मदर्शकाखाली दिसणाऱ्या घटकास लावते. मराठीची सवय घेऊन मूळ संस्कृत वाचणाऱ्याचा घोटाळा होण्यास एवढे पुरेसे आहे.

सुश्रुताचे आठ आणि आधुनिकांचे चार जोड्यांचे आठ, हा मेळ पाहून कोणासही हर्ष व्हावा. प्राचीनांना चारही चर्वणस्नायू ठाऊक होते, असे अनुमान काढण्याचा मोहही सहज होतो. तथापि हे अनुमान टिकत नाही. पहिले कारण असे की, संहितेत या आठांना नावे नाहीत. त्यांचा उगम कोठे व निवेश कोठे हेही सांगितलेले नाही. दुसरे कारण, ‘हनूंच्या ठिकाणी’ हे द्विवचन आहे. दोन हनू म्हणजे वरचा व खालचा जबडा, की उजवी व डावी बाजू, हे त्या शब्दावरून निश्चित होत नाही. तिसरे कारण गणनेच्या एकंदर आकृतीत आहे. प्रत्येक शाखेस बरोबर १०० पेशी देऊन ४०० ही बेरीज आलेली आहे. वस्तुतः हात व पाय यांच्या स्नायूंची संख्या सारखी नाही. तेव्हा या गणनेत निरीक्षणाबरोबरच योजनेचाही हात आहे, हे उघड आहे.

परंतु याच अध्यायाचे खरे महत्त्व संख्येत नसून पद्धतीत आहे. प्रेत पिंजऱ्यात ठेवून, मुंज, कुश इत्यादी तृणांनी वेष्टून, आडोशाच्या जागी नदीच्या पाण्यात कुजवावे. सात रात्रींनंतर ते बाहेर काढून वाळा, केस, बांबू इत्यादींच्या कुंचल्याने हळूहळू घासावे, आणि त्वचेपासून आत एकेक अवयव डोळ्यांनी पाहावा, असा तेथे आदेश आहे. ज्ञान केवळ ग्रंथावरून न घेता प्रत्यक्ष पाहून घ्यावे, हा त्यामागील आग्रह थोर आहे. मात्र या पद्धतीची मर्यादाही तितकीच स्पष्ट आहे. बाहेरून आत घासत जाणाऱ्या कुंचल्यास शंखक व चर्वक प्रथम भेटतील. पक्षक स्नायू मात्र जबड्याच्या अस्थिफलकाच्या आड आहेत. आधुनिक विच्छेदक त्या फलकाचा भाग करवतीने कापून त्यांच्यापर्यंत पोहोचतो. उपर्युक्त आदेशात अशा कृतीचा उल्लेख नाही. म्हणून आठ हा आकडा जुळतो एवढ्यावरून आठ वस्तूही जुळतात, असे म्हणता येत नाही.

३

पाश्चात्त्य परंपरेत हाच प्रश्न निराळ्या रूपाने उपस्थित झाला. इसवी सनाच्या दुसऱ्या शतकातील गॅलेन याने शंखक व चर्वक यांचे विस्तृत विवेचन केले. बळकट चावा घेणाऱ्या प्राण्यांत शंखक मोठा असतो, हे त्याने ओळखले होते. परंतु त्याचे विच्छेदन मुख्यतः वानरांचे व अन्य प्राण्यांचे होते, आणि मनुष्याचा खालचा जबडा दोन अस्थींचा आहे असे त्याने सांगितले. कुत्र्यासारख्या प्राण्यांत जबड्याचे दोन अर्ध प्रौढपणीही हनुवटीशी केवळ सांधलेले असतात. मनुष्यात मात्र ते जन्मानंतर पहिल्या वर्षाच्या सुमारास एकजीव होतात. पादुआ येथील अध्यापक अँड्रियास व्हेसॅलियस याने १५४३ साली बाझेल येथे छापलेल्या आपल्या महाग्रंथात मानवी जबडा एकच अस्थी आहे हे ठामपणे मांडले. येथे कौतुकाची बाब ही की, ही चूक सुधारण्यास नव्या उपकरणाची गरज नव्हती. मानवी कवटी हाती घेणे पुरेसे होते. तेराशे वर्षे ती हाती घेणाऱ्यांनीही ग्रंथाच्या डोळ्यांनीच पाहिले.

अठराव्या शतकात लायडन येथील बर्नार्ड सीगफ्रीड अल्बिनस याने १७३४ साली मानवी स्नायूंचा इतिहासग्रंथ व १७४७ साली अस्थी व स्नायू यांच्या भव्य चित्रपट्टांचा संग्रह प्रसिद्ध केला. प्रत्येक स्नायूचा उगम, निवेश, आकार व क्रिया यांचे एकाच साच्यात वर्णन करण्याची शिस्त अशा ग्रंथांनी रुजविली.

४

तरीही ‘चर्वणस्नायू कोणते’ या प्रश्नास त्या काळी एकच उत्तर नव्हते. चघळताना घास दातांमध्ये राखण्याचे काम गालातील बक्सिनेटर हा स्नायू करतो. तोंड उघडण्यास हनुवटीखालील द्विगर्भी स्नायू लागतो. मग हे चर्वणाचे स्नायू का नव्हेत?

याचे उत्तर मज्जातंतूंच्या अभ्यासातून आले. चार्ल्स बेल याने १८२१ साली व हर्बर्ट मेयो याने १८२२ साली चेहऱ्याच्या मज्जातंतूंविषयी जे प्रयोग प्रसिद्ध केले, त्यांतून पाचव्या व सातव्या मस्तिष्कतंतूंच्या कार्याची विभागणी स्पष्ट होत गेली. चेहऱ्यावरील भाव दाखविणारे स्नायू सातव्या तंतूच्या अधीन. जबडा चालविणारे पाचव्याच्या. बक्सिनेटर सातव्याच्या अधीन असल्यामुळे, काम चर्वणाचे करीत असूनही, तो चेहऱ्याच्या स्नायूंत गेला. पुढे भ्रूणशास्त्राने या विभागणीस दुसरा आधार दिला : चारही चर्वणस्नायू गर्भाच्या पहिल्या ग्रसनी-चापापासून निर्माण होतात.

परंतु हा निकषही काटेकोरपणे लाविला तर संख्या चारवर थांबत नाही. द्विगर्भीचा पुढचा भाग, मायलोहायॉइड, एवढेच नव्हे तर कानातील पडदा ताणणारा चिमुकला स्नायूदेखील त्याच चापापासून होतो व त्याच तंतूच्या शाखांनी चालतो. त्यांना कोणी चर्वणस्नायू म्हणत नाही. केवळ कार्य पाहिले तर बक्सिनेटर घ्यावा लागतो. केवळ तंतू पाहिला तर कानातील स्नायू घ्यावा लागतो. ‘चार’ ही संख्या या दोन निकषांच्या तडजोडीतून निघालेली आहे. ती उपयुक्त आहे, परंतु ती अध्यापनाच्या सोयीने ठरलेली संख्या आहे, याचे विस्मरण होऊ नये.

५

रचनेची गणना स्थिरावल्यावर क्रियेच्या अभ्यासाने ती पुन्हा हलविली. जिओव्हानी बोरेल्ली याच्या, १६८० ते १६८१ मध्ये त्याच्या मृत्यूनंतर छापलेल्या, प्राण्यांच्या गतिविषयक ग्रंथात जबड्याचे बळ टांगलेल्या वजनांनी अजमाविण्याचा यत्न आहे. स्नायू म्हणजे यंत्रातील दोरी व अस्थी म्हणजे तरफ, ही दृष्टी तेथे स्पष्ट दिसते. या तरफेच्या कल्पनेवर विसाव्या शतकात मोठा वाद झाला. जबड्याच्या सांध्यावर चावताना भार येतच नाही, असे एक पक्ष म्हणत होता. १९७५ साली विल्यम हायलँडर याने मानवी जबडा तरफ की केवळ दुवा, हा प्रश्न नव्याने तपासून तरफेच्या बाजूने कौल दिला, आणि पुढील वर्षांत वानरांवरील मोजमापांनी सांध्यावर भार येतो हे दाखवून दिले.

दुसरी क्रांती विद्युत्‌मापनाने केली. १९४९ साली रॉबर्ट मॉयर्स याने जबड्याच्या स्नायूंतील विद्युत्‌स्पंदने नोंदविली, आणि जिवंत मनुष्यात कोणता स्नायू केव्हा आकुंचन पावतो हे विचारण्याची सोय झाली. या साधनाने बहिःपक्षक संशयाच्या भोवऱ्यात सापडला. त्यास ऊर्ध्व व अधर अशी दोन शिरे आहेत. १९७३ साली एकाच वर्षी ग्रँट व मॅकनमारा या दोघांनी वानरांवरील स्वतंत्र अभ्यास प्रसिद्ध केले. अधर शिर जबडा उघडताना, तर ऊर्ध्व शिर तो मिटताना कार्य करते, असे त्यांतून दिसले. विरुद्ध वेळी काम करणारी ही शिरे म्हणजे दोन स्नायूच का मानू नयेत, असा प्रश्न ग्रँट याने शीर्षकातच विचारला. तो मान्य केल्यास चाराचे पाच होतात! पुढे सिडनी विद्यापीठात ग्रेग मरे व त्याचे सहकारी यांनी विद्युत्‌तारेचे टोक नेमके कोठे आहे हे क्ष-किरण छेदचित्रांनी पडताळून मनुष्यांत मापने केली. त्यांवरून दोन शिरांतील भेद पूर्वी वाटला तितका तीव्र नाही, आणि एकाच शिराचे निरनिराळे भागही निरनिराळ्या प्रमाणात कार्यरत होऊ शकतात, असे चित्र उभे राहिले.

हा वाद केवळ शब्दांचा नव्हे. जबड्याच्या सांध्यातील चकती पुढे सरकण्याचा दोष ऊर्ध्व शिराच्या ओढीवर ठेवणारी उपपत्ती दंतवैद्यकात दीर्घकाळ मांडली जात होती. स्नायू एक की दोन, याच्या उत्तरावर अशा रुग्णाच्या वेदनेचा अर्थ व उपचाराची दिशा ही दोन्ही अवलंबून असतात.

६

गणनेचा प्रश्न अगदी अलीकडे दोनदा गाजला. १९९६ साली अमेरिकेतील बाल्टिमोर येथील संशोधकांनी कवटीच्या तळापासून जबड्याच्या चंचुप्रवर्धाकडे, म्हणजे शंखक ज्यावर येऊन मिळतो त्या अस्थिटोकाकडे, जाणारा एक नवा स्नायू सापडल्याचे जाहीर केले व त्यास स्फीनोमँडिब्युलॅरिस असे नाव दिले. त्यांनी नेहमीप्रमाणे बाजूने विच्छेदन न करता समोरून केले होते. बाजूने जाणाऱ्या सुरीला जे अखंड दिसे ते समोरून विभक्त दिसले. वृत्तपत्रांनी या शोधास मोठी प्रसिद्धी दिली. परंतु १९९७ साली टुर्प, काउली व स्टोलर यांनी असा आक्षेप घेतला की, हा नवा स्नायू नसून शंखकाचाच पूर्वीपासून ज्ञात असलेला खोल भाग आहे. आज पाठ्यग्रंथांत त्यास स्वतंत्र स्थान मिळालेले नाही.

याच टुर्प यांचा २०२१ च्या अखेरीस प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या एका शोधात सहभाग आहे, ही गोष्ट मननीय आहे. बाझेल विद्यापीठातील मेझी, म्युलर-गेर्ब्ल, टोरानेल्ली व टुर्प यांनी चर्वकाचा तिसरा, सर्वांत खोल थर वर्णिला. तो गंडास्थि-कमानीच्या मागील भागातून निघून चंचुप्रवर्धास मिळतो, आणि जबडा मागे खेचण्यास व स्थिर ठेवण्यास उपयोगी पडत असावा, असे ते म्हणतात. त्यांनी विच्छेदन, छेदचित्रे, रंगविलेले ऊतिपट्ट व एका जिवंत व्यक्तीचे चुंबकीय चित्रण यांची सांगड घातली; आणि त्यास नवा स्नायू न म्हणता चर्वकाचाच एक भाग म्हटले. चर्वकाचे तीन थर ग्रेच्या सुप्रसिद्ध ग्रंथाच्या १९९५ च्या आवृत्तीतही होते. परंतु त्याचा आधार असलेले अभ्यास अन्य प्राण्यांचे होते व परस्परांशी पूर्णपणे जुळत नव्हते. गॅलेनवर जो दोष व्हेसॅलियसने ठेवला, तोच दोष साडेचारशे वर्षांनी पुन्हा निदर्शनास यावा, आणि तोही व्हेसॅलियसचा ग्रंथ जेथे छापला त्याच नगरात, हा इतिहासाचा विलक्षण योग होय.

७

या सर्व विवेचनावरून असे दिसून येते की, प्रत्येक काळच्या साधनाने आपली स्वतःची सीमारेषा आखली आहे. कुंचल्याने एक, सुरीने दुसरी, मज्जातंतूने तिसरी आणि विद्युत्‌तारेने चौथी. यांतील एकही रेषा खोटी नाही. परंतु एका साधनाची संख्या दुसऱ्याच्या संख्येशी थेट ताडून पाहता येत नाही.

म्हणून सुश्रुताच्या आठ पेशींचे समर्थन आधुनिक आठ स्नायूंनी करणे हा त्या ग्रंथाचा गौरव नव्हे. तसे केल्यास उद्या आधुनिक संख्या बदलताच तो गौरवही कोसळेल. त्या अध्यायाचा गौरव प्रत्यक्ष पाहण्याच्या आज्ञेत आहे, आणि ती आज्ञा कोणत्याही संख्येवर अवलंबून नाही. आपल्या विच्छेदनगृहात येणाऱ्या विद्यार्थ्याने चार ही संख्या अवश्य पाठ करावी. मात्र सुरी हाती घेतल्यावर ती क्षणभर बाजूस ठेवून, आपल्यासमोरील जबड्यात काय आहे ते आधी पाहावे.